सीताफळाच्या बिया

बांध पेटवताना आधी पाणी भरून ठेवायचं आणि मग काडी ओढायची, हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगावं लागत नाही. मी उलटं केलं. धारूरच्या डोंगराखालच्या आमच्या बांधावरचं वाळलं गवत भर दुपारी पेटवलं आणि घागर घेऊन विहिरीवर गेले. परत येईतो आग फॉरेस्टच्या हद्दीत चढली होती. मी ओरडलेसुद्धा नाही. घरी पळाले आणि कडी लावून बसले. डोंगर दोन दिवस जळत होता.

त्या डोंगरावरची सीताफळं पाटीतून विकणारी चाची आमच्या शेजारची. तिचं अर्धं वर्ष त्या झाडांवर निघायचं. आता तिथं नुसते काळे खुंट उरले होते. "कुनी लावली असंल गं?" ती येता-जाता विचारायची आणि मी काहीतरी काम काढून आत जायची. फॉरेस्टच्या गार्डाची मोटारसायकल वाजली की मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. चोराच्या मनात चांदणं!

पावसाळ्याच्या तोंडावर गार्डाने डोंगरावर बी टोकायला माणसं बोलावली. आमच्याकडे सीताफळाच्या बिया टाकत नाहीत, डब्यात जपून ठेवतात आणि वाटून उवांवर लावतात. चाचीने घरोघरचे डबे मागून आणले, बिया भिजत घातल्या आणि मला म्हणाली, "चल, तू माझ्यासंगं."

नाही म्हणायची छाती झाली नाही. ती कुदळीने खड्डा करायची, मी दोन बिया टाकून माती लोटायची. टोकत टोकत आम्ही माझ्या बांधापाशी आलो. तिथून वर गेलेला काळा पट्टा मला तरी लख्ख दिसत होता. वरच्या अंगाला गार्ड उभा होता. माझ्या हातातून बिया सांडल्या.

चाचीने एकेक बी वेचली. मग हळूच म्हणाली, "धूर कुठून निगाला, मी त्याच दिवशी बगितलंय."

मी वर गार्डाकडे बघून आवाज खाली आणला. "मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुला नेलं असतं तर माज्या झाडाला काय भेटलं असतं?" तिने बिया माझ्या हातात ठेवून मूठ मिटवली. "फळ धरायला चार वर्सं लागत्यात. तवर पानी तू घालायचं. एक उन्हाळा जरी चुकलीस, तर गार्डाचं घर मला म्हाईत हाय."

यंदाचा हा दुसरा उन्हाळा. ताप असला तरी मी घागर घेऊन डोंगर चढते. रोपं गुडघ्याला लागलीत. एखादं मान टाकलेलं दिसलं की मी आधी खाली चाचीच्या दाराकडे बघते, मग रोपाकडे.