तुसाने आखलेला ‘प’

दुसरीत असताना माझ्या पाटीवरचा ‘प’ नेहमी उलटा उमटे. काठी डावीकडे, पोट उजवीकडे. पिरंगुटच्या पुढे, डोंगराकडेला आमची दोन खोल्यांची शाळा होती. सत्तरीचे दशक सरत आले होते. कवायतीतही मी भलताच हात उचली आणि मुले ओरडत, “आरसा आला, आरसा!”

वडिलांनी ठरवून टाकले. “न्हाई जमत तिला, बाई. शिमगा झाला की काढतो शाळंतनं. म्हशींमागं जाईल.”

“शिमग्यापर्यंत तरी राहू द्या,” आमच्या वर्गाच्या बाई एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कवायतीला त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचा उजवा हात वर गेला आणि माझाही उजवाच. समोरच्या माणसाकडे पाहून मी आरशासारखा उलटा हात उचलत होते, हे त्यांनी ओळखले होते.

मैदान आखायला आमच्याकडे फक्की नसे. भाताच्या गिरणीतले तूसच असे. त्या तुसाने बाईंनी खळ्याएवढा ‘प’ काढला. मला त्याच्या पायथ्याशी उभे करून विचारले, “काठी कुठं?”

“जेवायच्या हाताला!”

“घाल लंगडी.”

तूस तळव्याला टोचे, आंबेमोहोर भाताचा कोरडा गंध नाकात शिरे. तोल जाई, सावरे. रोज एक फेरी वाढे. ते अक्षर आधी माझ्या पायांना कळले, मग मनाला, हाताला सर्वांत शेवटी. हे मी आजही मान वर करून सांगते.

शिमग्याच्या आदल्या दिवशी वडील आले. मी ‘प’ काढून पाटी पुढे केली. त्यांनी ती न्याहाळली आणि ओशाळून म्हणाले, “मला कुटं कळतंय, सुलटं का उलटं?”

बाईंनी त्यांना मैदानातल्या ‘प’पाशी नेले आणि त्याची काठी दाखवली. वहाणा काढून वडील त्या रेषेवरून सावकाश चालले, पुन्हा पायथ्याशी येऊन उभे राहिले.

“काठी जेवत्या हाताला,” ते पुटपुटले. मग पाटीकडे पाहिले. “हितंबी जेवत्या हाताला!”

“मग म्हशींचं काय?” बाईंनी विचारले.

“म्हशींचं आमी बगू, बाई.”

त्या दिवशी पाटी मला परत मिळाली नाही. वाटेत भेटेल त्याला दाखवत वडील ती घेऊन घरी गेले.