शालनताई आणि चित्रातला समुद्र

तीन आठवड्यांपूर्वी मिल्टन कीन्सहून मीराचा फोन आला. "ताई, आई गेला..." ती म्हणाली आणि लगेच, "सॉरी, गेली." इथेच, ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मीराचं मराठी असंच. एरवी आम्ही दोघी हसलो असतो. त्या दिवशी ती नुसतं "गेली, गेली" म्हणत राहिली...

तिची आई, शालनताई, ग्लासगोतल्या एका आर्ट गॅलरीत अटेंडंट होत्या. पुण्याहून नोकरीसाठी आले, त्या पहिल्या हिवाळ्यात मी निव्वळ उबेसाठी तिथे शिरले होते. बाकावर बसून आईशी फोनवर बोलता बोलता रडू फुटलं. युनिफॉर्ममधल्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "फोनवर बोलायला परवानगी नाही इथे," त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "रडायला आहे." मग माझे बरेचसे रविवार तिथेच गेले.

त्यांच्या दालनात दोनशे वर्षांपूर्वीची समुद्राची चित्रं होती. सगळ्यांत मोठ्या चित्रात काळं आभाळ, धक्क्यावर आदळणाऱ्या लाटा, फाटक्या शिडाची होडी आणि किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या, नखाएवढ्या बायका. "ढगांतून काय सुंदर प्रकाश आलाय!" मी म्हणाले.

"प्रकाश नंतर बघ. आधी त्या बायका बघ."

कारण हळूहळू कळलं. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर इंजिनीअर होते. मीरा दोन वर्षांची असताना वादळात जहाज बुडालं. ते सापडलेच नाहीत. पुढे गॅलरीत नोकरी लागली आणि नेमकं हेच दालन वाट्याला आलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दुसरं दालन मागितलं. ते मिळायला महिना लागला, आणि तोवर या चित्राकडे बघून बघून... त्यांनी जायला नकार दिला. "मला वाटायचं, समुद्राने माझ्यावर डूख धरला. पण या चित्रकाराने लाटांना राग दिलाय का कुठे? नुसतं पाणी, नुसता वारा. समुद्राला आपण दिसतसुद्धा नाही गं. हे कळलं आणि छातीवरचं ओझं थोडं उतरलं."

खरा समुद्र मात्र त्या टाळत राहिल्या. ट्रेनने तासाभरावर किनारा, पण तीस वर्षांत गेल्या नव्हत्या. रिटायर झाल्या त्या आठवड्यात एकदम म्हणाल्या, "येतेस माझ्याबरोबर?"

मार्च महिना. वारा उभं राहू देईना. "परत जाऊ या का?" मी विचारलं. त्यांनी माझा हात सोडवला, कठड्यापाशी गेल्या आणि सगळा जोर लावून हाक मारली, "अहो!" लाट फुटली, आवाज बुडाला. पुन्हा, "अहोऽऽ!" कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ थबकले. मागे वळल्या तेव्हा चेहरा ओलाचिंब होता. "नावाने हाक मारायची ठरवून आले होते," त्या म्हणाल्या, "पण कधी घेतलंच नाही ना त्यांचं नाव... तोंडातून निघेना." आणि हसायला लागल्या. मीही हसले, मग दोघी रडलो, मग भरपूर व्हिनेगर घातलेले चिप्स खाल्ले.

गेल्या रविवारी गॅलरीत गेले. अटेंडंटची खुर्ची नियमाने दाराशी हवी. शालनताईंनी ती वर्षानुवर्षं वीत-वीत सरकवत त्या बायकांसमोर आणली होती. ती अजून तिथेच होती.

"मॅनेजर सकाळी दाराशी नेऊन ठेवतात," त्यांचे जुने स्कॉटिश सहकारी म्हणाले, "दुपारपर्यंत परत इथे येते."

"कोण आणतं?"

"आम्ही सगळेच," ते म्हणाले आणि मला तिच्यावर बसायची खूण केली.