पनुलीची सोपी वाट

माझी थोरली जाऊ पनुली हट्टाला पेटली की देवसुद्धा बाजूला सरकून बसतो. तिच्या धाकट्या भावाला विचारा. सात वर्षांपूर्वी चैतात त्याने तिची भिटौली दुसऱ्याच्या हाती पाठवली. भिटौली म्हणजे पुऱ्या, गोडधोड, लुगडं. चैतात भावाने ते घेऊन स्वतः बहिणीच्या दारी यायचं असतं, आणि आम्ही डोंगरातल्या बायका त्या एका दिवसाकडे वर्षभर डोळे लावून बसतो. पण या भावाने, दिवानने, तेव्हा नवी जीप घेतली होती. भाड्याच्या सवाऱ्या सोडवेनात, म्हणून या बहाद्दराने पिशवी कुणा ड्रायव्हरकडे दिली!

पनुलीने गाठसुद्धा सोडली नाही. "पिशवीला भाऊ म्हणू का मी?" म्हणाली आणि त्याच गाडीने परत धाडली. झालं! तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्याचं गाव बानठौक जंगलाच्या पलीकडे, आमचं सिलखेत अलीकडे, मध्ये फक्त बांजाची झाडं. तरी नाही. दर चैतात बाकीच्यांचे भाऊ यायचे आणि ही गोठ्यात जाऊन शेण काढत बसायची. मला तिचा राग यायचा, आणि रडूही यायचं.

यंदा लखनौहून एका बाईंचा फोन आला. ऑफिसातली माणसं आहेत, डोंगर कधी चढलेली नाहीत, त्यांना गावांतून आणि जंगलातून पायी फिरवाल का, सोपी वाट हवी. पनुली आमच्या बायकांच्या गटाची पुढारी. तिने लगेच "हो" म्हटलं. विचारायचं कुणाला? तिला कुणाला विचारायची सवयच नाही.

वाट तिने अंगणात काड्या मांडून दाखवली. खाली सडकेवरून निघायचं, डोंगराच्या उभ्या धारेवर चढायचं आणि थेट सिलखेत, एका दमात.

मी म्हटलं, "दिदी, ही धार? लखनौची माणसं? वरून त्यांना पोत्यात घालून आणावं लागेल."

"काय आहे त्यात? ती काय समोर तर दिसते. आपण गवताचा भारा घेऊन उतरतो."

डोंगरातल्या माणसाला सगळंच समोर दिसतं, हाच आमचा रोग. रोज चढणारीला चढ कळत नाही, म्हणून आमच्यातल्या कुठल्याच बाईला विचारून उपयोग नव्हता. जिला विचारावं ती म्हणे, सोपीच आहे की. आणि खरी गोम मला दिसत होती. सपाट, सावलीची, बुरांशाच्या फुलांतली जुनी वाट बानठौकवरून येते. पहिला मुक्काम तिथे केला की कुणीही हळूहळू पोचेल. आणि बानठौकला पाहुणे उतरवण्याजोग्या खोल्या एकाच घरी आहेत.

"तुला भावाचं घर टाळायचंय, म्हणून परक्या माणसांचे गुडघे फोडणार का?" मी बोलले.

तिने कोयता जमिनीवर आपटला. मी घाबरले नाही, सवय आहे.

"बरं," ती म्हणाली, "चालणं विसरलेलं एखादं माणूस आण. त्याला दोन्ही वाटांनी चालवते. जी झेपेल ती खरी."

"दिवान आहे की! सात वर्षं जीपमध्ये बसून त्याचं पोट स्टिअरिंगला लागतं म्हणे."

मी आपलं टोमणा मारला. तर दुसऱ्या दिवशी पहाटे ही बाई शाल गुंडाळून दारात उभी. "चल, गोविंदी. एकटी गेले तर भांडून परत येईन."

बानठौकला दिवान जीपचा आरसा पुसत होता. तिला बघून त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. "दिदी...?"

"ताकाला आलेय, भांडं लपवत नाही," पनुली म्हणाली. "मला तुझी भिटौली नको. तुझे पाय हवेत. चाल माझ्याबरोबर सिलखेतपर्यंत. तू पोचलास तर लखनौवाले पोचतील. आणि पहिल्या रात्री त्यांना तुझ्याकडे उतरवायचंय."

दिवानची बायको आतून ओरडली, "अहो, जा! निदान पोट तरी उतरेल!"

बिचारा निघाला. काय ती मिरवणूक! पहिल्याच वळणावर त्याचं तोंड पिकल्या काफळासारखं लाल झालं. तो जिथे धपकन बसे तिथे पनुली दगडावर दगड रचून खूण करी. "इथे पाहुण्यांनाही बसवायचं." नाल्याजवळ त्याने बूट काढले, तिथे पाणी प्यायची जागा ठरली. धारेकडे फाटा फुटला तेव्हा ती म्हणाली, "वर चढून बघतोस?" त्याने मान वर केली, हात जोडले आणि म्हणाला, "दिदी, मला इथेच पुरून टाक." ती हसली. सात वर्षांत मी तिला त्याच्याकडे बघून हसताना पाहिलं नव्हतं. धारेची वाट तिथेच बाद झाली.

ऊन कलायच्या आत आम्ही सिलखेतला पोचलो. पनुली पुढे धावली, चूल पेटवायला. दिवान मात्र अंगणाच्या दगडी कठड्याशी थांबला.

"ये ना आत," मी म्हटलं.

"नाही येत. चैत आहे." तो कठड्यालाच टेकला. "मागे पिशवी पाठवली, आज तीही नाही. रिकाम्या हाताने बहिणीचा उंबरठा ओलांडू?"

पनुली दारात आली. मला वाटलं, आता ही हात धरून त्याला आत ओढेल. तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"जा मग," ती म्हणाली. "पण चालत ये."

मी चिडलेच. "बाई आहेस की धोंडा? पाय बघ त्याचे!"

"त्याला अजून लाज आहे, गोविंदी. ती मी मोडू?"

दिवानने कठड्याबाहेर उभ्यानेच चहा घेतला आणि लंगडत परत गेला. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. पनुलीने अंगण इतकं झाडलं की कोंबड्यांना टिपायला दाणा उरला नाही. मी म्हटलं, "नाही यायचा तो." ती म्हणाली, "गप गं."

चौथ्या दिवशी सकाळी जंगलातून माणूस खाली उतरताना दिसलं. डोक्यावर डालं, हातात काठी, चार पावलं चालायचं की बसायचं. पनुली पळत सुटली नाही. दारातच पाय रोवून उभी राहिली. तो आला, उंबरठा ओलांडला आणि डालं तिच्या पायांपाशी ठेवलं. पुऱ्या गार झाल्या होत्या, काही चुरल्या होत्या. तिने हातसुद्धा न धुता एक तोंडात कोंबली आणि भोकाड पसरलं, अगदी लहान पोरीसारखं. दिवानही रडायला लागला. मी कशाला मागे राहू?

तेवढ्यात लखनौच्या बाईंचा फोन आला. मी पनुलीच्या कानाला लावला.

"आमची माणसं अगदीच नवखी आहेत हो, खरंच झेपेल ना त्यांना?"

पनुलीने घास गिळला आणि पदराने नाक पुसलं.

"झेपेल," ती म्हणाली. "माझा भाऊ चालत आलाय."