बांधावरची हाक

"चित्र झ्याक काढलंय पोरीनं," आत्या स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "पन ही वहिनी न्हाई."

मी दाराबाहेर पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. पप्पा म्हणाले, "तिला सांगू नको."

ते माझं सातवं चित्र होतं. मम्मी पौषात गेली आणि आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. पाटावर ठेवण्यासारखा तिचा एकही फोटो घरात नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर धरायची. प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये ती आहे, पण पदर आणि कपाळ एवढीच. उरला आधार कार्डावरचा फोटो, त्यात ती कुणीतरी दटावल्यासारखी दिसते. पप्पा सहज म्हणाले होते, "तू काढ की. तुला येतंय." त्या एका वाक्याला मी वर्षभर धरून बसले होते.

मी चित्रकार नाही. लातुरात एका विम्याच्या ऑफिसात काम करते, आणि शाळेनंतर चित्रकला कुणाकडे शिकले नाही. पाठकोऱ्या कागदांवर जे समोर असेल ते काढते: ऑफिसखालच्या चहाच्या गाड्यावरचे ग्लास, स्टँडवर एसटीची वाट बघत झोपलेल्या माणसांचे पाय, गच्चीत वाळत घातलेल्या मिरच्या. वस्तू थेट काढायची मला भीती वाटते, म्हणून मी कडेपासून सुरू करते. आधी मागची भिंत, सावली, आजूबाजूचं सगळं. मग मधल्या रिकाम्या जागेत ती वस्तू आपोआप उरते. माझ्या वह्यांत मम्मीचे हात पानोपानी आहेत. भाकरी थापणारे, शेंगा फोडणारे, सुईत दोरा ओवणारे. चेहरा एकाही पानावर नाही. मी तिच्याकडे कधी सरळ बघितलंच नव्हतं, हे तिच्या माघारी कळलं.

प्रत्येक चित्राआधी मी देव्हाऱ्यातल्या माहूरच्या देवीच्या तसबिरीला हात जोडायचे. बाकी काही नको, एवढा चेहरा दे, म्हणायचे. दर वेळी कागदावर एक परकी बाई येऊन बसायची. त्याहून वाईट असं, की प्रत्येक चुकलेल्या चित्राबरोबर खरा चेहरा थोडा थोडा पुसला जात होता. सातव्यानंतर डोळे मिटले तरी मला ती दिसेना. त्या दिवशी आत्याचं बोलणं ऐकून मी रडले नाही. ब्रश, रंग, वह्या एका पिशवीत भरल्या, गाठ मारली आणि माळ्यावर टाकली. देवीपुढे उभी राहणंही सोडलं. ज्या मुलीला आईचा चेहरा आठवत नाही, तिने कुणापुढे उभं राहून काय मागायचं?

चार दिवसांनी येळवस आली. आमच्याकडे मार्गशीर्ष अमावस्येला सगळं घर शेतात जेवायला जातं. आमचं शेत मुखेडकडे, रस्त्याला लागून आहे. तिथे खोपटासारखी कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगड मांडून चुन्याने पांढरे करायचे आणि कावेचे तांबडे ठिपके द्यायचे. ते पाच पांडव. पूजा झाली की आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. आणि रस्त्याने जो कुणी जाईल त्याला हाक मारून जेवायला बोलवायचं, ओळखीचा असो नसो.

ही हाक मम्मीची होती. ती बांधावर उभी राहून ओरडायची, "ओ पावनं, तसंच जाऊ नका, आंबील पिऊन जावा!" दोन शेतं पलीकडे ऐकू जायचं. आठवीत असताना माझी एक मैत्रीण येळवस बघायला आली होती. ती हसली. मी मम्मीला बाजूला घेऊन म्हटलं, "प्लीज, ओरडू नको. लोक हसतात." ती "बरं" म्हणाली. पण हाक तिने सोडली नाही. पुढे दर वर्षी मी कोपीत जाऊन बसले की मगच ती बांधावर जायची. मी आतून ऐकायचे. हाक मारताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मी त्यानंतर पाहिलं नाही.

या वर्षी मला जायचंच नव्हतं. पप्पा म्हणाले, "चल माय. पांडव तूच रंगव औंदा. तुला रंगातलं कळतंय." दरवर्षी ते काम मम्मी करायची, बोटाने. माझ्या पर्समध्ये एक बारीक ब्रश राहून गेला होता, तो मी कावेत बुडवला. काय झालं ते नीट सांगता येत नाही. ठिपके द्यायचे सोडून मी दगडांना डोळे काढले. मग नाक, मग ओठ. पाचही दगडांवर मी एकच चेहरा शोधत होते, आणि पाचही वेळा चुकले.

काका कोपीत डोकावले. "ह्यो भीम व्हय? आपल्या तलाठ्यावानी दिसायलाय की." सगळे हसले. आत्या मात्र वैतागली. "पांडवाला तोंड काढतेत व्हय गं? इंग्लिश शाळेत हेच शिकवलं का तुला?" मी ब्रश तिथेच टाकला आणि तुरीच्या आड जाऊन बसले. तिथून कधीच उठू नये असं वाटत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. कोपीपाशी अनोळखी आवाज आला. "आंबील हाय का बाई?"

लुगड्यातली एक म्हातारी होती, डोक्यावर गाठोडं, पायाला भेगा. आत्याने तिला बसवलं, वाटी भरून दिली. गाव विचारलं तर "लांबचं हाय" म्हणाली.

"दरसाली ह्याच रस्त्यानं लेकीकडं जाते," ती म्हणाली. "हितली बाई बांधावरून हाक मारायची. मी हात वर करून तशीच पुढं जायची. म्हनायची, पुढच्या साली थांबू. औंदा हाकच न्हाई आली. मंग पाय वळले. म्हनलं बगावं, बरी हाय का बाई."

पप्पा म्हणाले, "ती गेली, मावशी. पौषात."

म्हातारीने वाटी खाली ठेवली. "तिचं तोंड मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "लांबून काय दिसतंय, त्यात ऊन डोळ्यावर. पन हाक ठाऊक हाय."

मी तुरीतून बाहेर आले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोपीतल्या दगडांकडे. ती हसली नाही, रागावलीही नाही. चुन्याचं भांडं माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "पूस माय. देवाला आपन बघाया नगं. त्यानं आपल्याला बघितलं म्हंजे झालं."

मी पाचही चेहरे चुन्याखाली घातले. सोपं नव्हतं ते. एकेका चेहऱ्यावर हात अडखळत होता. मग कावेत बोट बुडवलं, आणि ते बोट मला ओळखीचं वाटलं. माझ्या वहीत ते शंभरदा काढलेलं होतं. तेच वाकडं नख, तेच जाड पेर. मी ठिपके देत गेले आणि वर्षभरात पहिल्यांदा काही मागितलं नाही.

म्हातारी आंबील पिऊन निघून गेली. आत्या म्हणाली, लक्ष्मीच आली होती. पप्पांनी नंतर आसपासच्या गावांत चौकशी केली. तशी बाई कुणाला आठवेना. मी त्यावर विचार करत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं एक हाक ऐकत होतं, आणि ती थांबली तेव्हा विचारायला आलं, एवढं मला पुरतं.

श्राद्धाला आधार कार्डाचाच फोटो मोठा करून ठेवला. महिन्याभराने मी पिशवी माळ्यावरून काढली आणि बांध, तूर, रस्ता, ऊन असं कडेकडेने काढत गेले; मधे बाईएवढी जागा कोरी राहिली, ती तशीच ठेवली. आत्याने बराच वेळ बघून "तूर लई दाट झाली" एवढंच म्हटलं. चेहरा मला अजून आठवत नाही. काही दिवस ते सोसतं, काही दिवस सोसत नाही. देवीपुढे पुन्हा उभी राहते, पण आता हात नुसते जोडलेले असतात.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी म्हातारी गेल्यावर माठात आंबील अर्ध्याहून जास्त उरली होती. मम्मी असताना कधी उरली नाही. रस्त्याने एक बाई आणि सायकल ढकलत एक माणूस चालले होते. पप्पांनी बांधाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी ऑफिसात शेजारच्या टेबलालाही मेसेज करणारी मुलगी. कोपीतून उठले, बांधावर चढले. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. ती दोघं पुढे निघाली. मी तोंडाशी हात धरला, कावेने तांबडा झालेला, आणि ओरडले:

"ओ पावनं, तसंच जाऊ नका, आंबील पिऊन जावा!"