पिवळ्या पट्ट्यातला राब

आमच्या गावात एकाही घराला माडी नाही. शिरगावच्या अलीकडे, शिवाराला लागूनच हवाई दलाचा तळ आहे आणि त्याच्या कुंपणापासून ठरावीक अंतरापर्यंत कुणी वर मजला चढवायचा नाही, असा नियम मला कळायला लागल्यापासून आहे. नियम तेवढाच नव्हता. परसातल्या जांभळीचा शेंडा वाढला की छाटायचा. बैल मेला तर उघड्यावर टाकायचा नाही, खोल खड्डा घेऊन पुरायचा, कारण घारी जमल्या की विमानांना धोका. कुरकुरत का होईना, आम्ही सगळं पाळलं. दोन पिढ्या पाळलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली जो तो आम्हाला नियम शिकवायला येतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते.

राबाचंही तसंच. मावळात भात करायचं तर आधी रोपासाठी जमिनीचा एक तुकडा भाजून घ्यावा लागतो. त्यावर शेण, वाळलेला टहाळ, पाचोळा आणि वरून बारीक माती असे थर द्यायचे आणि उन्हाळा सरता सरता पेटवायचं. मोठा जाळ होत नाही, नुसतं धुमसतं. त्यानं गवताचं बी मरतं, माती मऊ होते आणि मग तिथं भात पेरलं की रोप जोमानं वर येतं. याला राब म्हणतात. आता धूर हा होणारच, आणि वारा फिरला की तो तळाकडे जाणारच. म्हणून फार पूर्वीच ठरून गेलं होतं की राब भाजायच्या आदल्या दिवशी तळाच्या फाटकावर जाऊन सांगायचं. आधी वडील जायचे, त्यांच्यामागे माझा थोरला भाऊ. फाटकावरचा जवान हरयाणाचा असो नाही तर केरळचा, हा म्हातारा उद्या आग लावणार आहे आणि विचारायला आलाय एवढं त्याला कळायचं. तो आत फोन लावायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, 'सुबह नौ बजे तक.' दादा नऊच्या आत उरकायचा. या व्यवहाराचा कधी कागद झाला नाही आणि कधी भांडणही झालं नाही.

मी स्वतः शेती केली नाही. लोणावळ्यात एका शाळेत लिपिक होतो, निवृत्त झाल्यावर गावी परत आलो. गावाला मी भाऊसाहेब. कुणाला बँकेचा फॉर्म भरायचा असो की सातबाऱ्यावरची नोंद समजून घ्यायची असो, माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

त्यामुळे ती नोटीस आली तेव्हा वाचायचा मान माझ्याकडेच आला. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर उभा राहून मी ती खणखणीत आवाजात वाचली. आमच्या शिवारातली जमीन शेती विभागातून काढून रहिवास विभागात घ्यायचा प्रस्ताव होता आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं मुदतीत लेखी द्यायची होती. सोबत नकाशा होता. आजवर आमचं गाव त्यात हिरवं दाखवलेलं असे, आता ते पिवळं होणार होतं. नोटीस लोकांना कळली नाही, रंग मात्र कळला.

'म्हंजी आता माडी चढवता येईल का, भाऊसाहेब?' पारावरच्या एका आबांनी विचारलं.

'येईल की,' मी म्हणालो. 'पिवळं म्हणजे घरं. घर म्हटल्यावर माडी आलीच.'

हे मी कुणालाही विचारलेलं नव्हतं. तळावर नाही, तालुक्याला नाही. नोटिशीच्या शेवटी 'संरक्षण खात्याच्या निर्बंधांच्या अधीन राहून' असे शब्द होते. तेही मी वाचले, मोठ्यानं, एका दमात, आयुष्यभर परिपत्रकांच्या शेवटच्या ओळी वाचत आलो तसेच. अर्थ डोक्यात शिरला नाही. वर मी घरोघर जाऊन सांगितलं की हरकत घेऊ नका, उगाच काम लांबेल. कुणी घेतली नाही. एकाही माणसानं नाही.

दादा त्या दिवशी घोळक्यात मागे उभा होता. त्याच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा दोन खोल्यांत जागा पुरेना, म्हणून ते जोडपं तळेगावात भाड्यानं राहायला गेलं होतं. नातवंडं त्याला सणावाराला दिसायची. घरी जाताना तो मला म्हणाला, 'तू म्हंतोस तर व्हईल. वर दोन खोल्या काढू. पोरं येतील माघारी.'

पुढं गाव पिवळं झालं आणि दादानं माडीसाठी अर्ज केला. तळाचा ना-हरकत दाखला आणा, असं उत्तर आलं. तळानं दाखला दिला नाही, कारण कुंपणापासूनचं अंतर होतं तेवढंच होतं. नकाशाचा रंग बदलला म्हणून आमचं घर काही चार पावलं मागे सरकलं नव्हतं. आणि ज्या रेघेपाशी तळाची बंदी संपते, त्या रेघेच्या पलीकडच्या माळावर बारा-बारा मजली इमारतींचं काम सुरू झालं. तो माळ बाहेरच्या मंडळींनी नोटिशीच्या कितीतरी आधी घेऊन ठेवलेला होता. त्यांच्याकडे सगळे दाखले होते, असणारच. पिवळा रंग त्यांच्यासाठी आला होता. आम्ही मध्ये होतो म्हणून आमच्यावरही फासला गेला, आणि आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले. मी वाटले.

नमुन्याचा फ्लॅट दाखवायचे ते रविवारी. रविवारी विमानं उडत नाहीत हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोक गाड्या भरभरून यायचे, बाल्कनीत उभे राहून किती शांत आहे म्हणायचे आणि सही करून जायचे. राहायला आल्यावर सोमवारी पहिलं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांची तोंडं बघायला मी मुद्दाम माळावर गेलो होतो. असला मी माणूस. पण मला फार दिवस हसता आलं नाही. विमानांच्या आवाजाविरुद्ध त्या लोकांनी किती अर्ज केले देव जाणे, विमानं उडतच राहिली. धुराविरुद्ध त्यांनी एक अर्ज केला आणि तो लागू पडला.

यंदाच्या राबाची गोष्ट. दादा नेहमीसारखा आदल्या दिवशी फाटकावर जाऊन आला. सकाळी सातला त्यानं वाऱ्याचा अंदाज घेतला आणि खालच्या अंगानं पेटवलं. मी बांधावर बसलो होतो. थोड्या वेळानं समोरच्या इमारतीतून एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उतरली. पोराला दमा होता, श्वास घेताना त्याचं पोट आत ओढलं जात होतं. ती भांडायला आली नव्हती, रडकुंडीला आली होती. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि नेमका त्याचाच जास्त राग येतो. दादा म्हणाला, 'ताई, दोन घटका कड काढा. नऊपत्तोर निवंल समदं.' ती पोराला घेऊन माघारी गेली. वरच्या कुणीतरी तेवढ्यात फोन केलेला होता. मोटारसायकलवरून दोन पोलीस आले.

'काका, विझवा. रहिवासी भागात जाळायला बंदी आहे.'

'रहिवासी कुटं हाय? हे माजं भाताचं खाचर हाय,' दादा म्हणाला. 'आन् मी तळावर सांगून आलोय. त्यांनीच नऊपत्तोर सांगितलंय.'

'तळाचं ह्यात काही चालत नाही.' त्यातल्या एकानं मोबाइल काढून दादापुढं धरला. नकाशा होता. दादाचं खाचर पिवळ्यात होतं. तो हवालदार मावळातलाच असावा, कारण आवाज उतरवून तो म्हणाला, 'आमच्याकडंबी भाजत्यात, आबा. पन आमचं अजून हिरवं हाय.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो आणि तोंडाला येईल ते बोललो. माडी बांधायला गेलं की आम्ही तळाचे, राब भाजायला गेलं की आम्ही शहराचे, मग आम्ही आमचे कधी? आमच्या घरावर एक खोली चढली तर विमान धडकतं आणि त्या बारा मजल्यांना ते वळसा घालून जातं काय? बाल्कन्यांमधून लोक बघत होते. एक जण मोबाइलवर चित्रण करत होता. पोलीस नुसते उभे राहिले, त्यांना असं ऐकायची सवय असावी. दादानं माझ्या दंडाला धरलं. 'गप,' म्हणाला. मग विहिरीवरून त्यानं बादलीनं पाणी आणलं आणि त्यानं स्वतः लावलेला राब स्वतःच्या हातानं विझवला. सत्तरीच्या माणसाला सतरा खेपा कराव्या लागल्या. मी मोजल्या, कारण मला दुसरं काही करायचं सुचलं नाही.

राब अर्धाच भाजला गेला. अर्धा नुसता धुमसून ओला झाला, त्याचा चिखल झाला. दादानं दोन्हीकडं बी टाकलं, टाकणं भागच होतं. भाजलेल्या बाजूला रोप हिरवंगार उठलं. दुसऱ्या बाजूला गवत आधी आलं आणि भात मागाहून, त्यातून भात ओळखून काढायचं म्हणजे डोळे फुटायची वेळ. आम्ही दोघं रोज सकाळी उकिडवे बसून निंदायचो. माझे गुडघे धरायचे. इतकं करूनही लावणीला रोप कमी पडलं. औंढ्याला पाहुण्यांकडं विचारून बघितलं, त्यांचं त्यांनाच जेमतेम होतं. खालचं खाचर लागलं. वरचं, म्हणजे इमारतींच्या अंगाचं, तसंच राहिलं. माझ्या आठवणीत ते कधी रिकामं राहिलेलं नाही. दादा त्या बाजूनं जायचंच टाळायला लागला.

श्रावणात एक एजंट आला. गुळगुळीत कपडे, नमस्कार वाकून. त्याला ते वरचं खाचर हवं होतं. 'बांधकामाची अडचण आहे ते माहीत आहे आम्हाला,' तो म्हणाला. 'आम्हाला तिथं काही बांधायचंच नाही. सोसायटीला बाग करायचीय. नुसती हिरवळ. नाही तरी पडीकच आहे.'

पडीक म्हणाला. ज्यांच्या अर्जामुळे ते पडलं, त्यांच्याच पोरांना खेळायला तिथं विकतचं गवत लावायचं होतं, आणि महिनाभर आम्ही गुडघे मोडून गवतच उपटत होतो. त्याच्या तोंडावर चहाचा कप फेकावा असं मला वाटलं. मी दादाकडं बघितलं. तो नाही म्हणेल, शिवी हासडेल, निदान उठून आत जाईल असं वाटलं होतं. त्यानं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बोट केलं.

'ह्याला इचारा,' तो म्हणाला. 'कागदाचं त्याला कळतं. त्यो म्हनल तसं.'

हा टोमणा असता तर मी सुखानं ऐकून घेतला असता. टोमणा नव्हता. माडी गेली, राब गेला, एक खाचर पडून राहिलं, तरी हा माणूस अजून माझ्यावर विसंबून होता. मी एजंटला उठवलं. दारापर्यंत जाऊन पुन्हा या घराची पायरी चढू नकोस असं बजावलं. परत आलो तर दादा तसाच बसलेला.

'मग काय करायचं? वरचं ठिवायचं का द्यायचं?' त्यानं विचारलं.

'मला यातलं काही कळत नाही, दादा,' मी म्हणालो. 'तेव्हाही कळत नव्हतं.'

त्यानं काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, 'मग तवा सांगितलंस कशाला?'

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर माझ्यापाशी होतं. पायऱ्यांवर सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं आणि मला माहीत नाही, असं म्हणायची मला लाज वाटली होती. एवढंच कारण होतं. मी त्याला ते सांगितलं नाही, आत जाऊन कप विसळत उभा राहिलो.