कापलेले कोपरे

त्यांचं खरं नाव आता सहीपुरतंच उरलं होतं. बाकी सगळ्या जगाला त्या चिकटमावशी.

शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली त्यांनी. फाटलेल्या पुस्तकांना पाठी लावायच्या, सुटलेली पानं शिवायची, आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येक वर्गाची एक चिकटवही करायची. सहलीचे फोटो, स्नेहसंमेलनाची पत्रिका, बक्षीस मिळालेलं एखादं चित्र, कुणाच्या तरी पहिल्या निबंधाचं पान. निवृत्त झाल्या तरी हे काम काही सुटलं नाही. लोक घरी पिशव्या घेऊन यायला लागले. कुणाची तिकिटं, कुणाची प्रगतिपुस्तकं, कुणाचे सुट्टीतले फोटो. "मावशी, आमची सुट्टी तेवढी बांधून द्या," म्हणायचे. मावशी बांधून द्यायच्या.

त्यांचे यजमान बसवर कंडक्टर होते, ते आता घरीच असत. ते आल्यागेल्याला सांगायचे, "नावातच चिकट आहे हो. मी सुटणार तरी कसा?"

मावशींची कामाची रीत ठरलेली. फोटो कधी चिकटवायचा नाही. चारही बाजूंनी कागदी कोपरे करायचे आणि त्यात तो अलगद बसवायचा, म्हणजे उद्या काढता येतो. खळ लावायची ती फक्त खालच्या चिठ्ठ्यांना. खळही घरची, रोज ताजी शिजवलेली. आणि सगळं काटकोनाचा गुण्या लावून, सरळ. वाकडं काही दिसलं की मावशींना चैन पडत नसे. एकदा एका शेजारणीला बघायला दवाखान्यात गेल्या, तर विचारपूस राहिली बाजूला, आधी खाटेला लटकवलेला तक्ता सरळ केला. ती बिचारी म्हणाली, "मावशी, मी इकडे आहे."

तर एके दिवशी त्यांच्याकडे पंख्याचं बटण दुरुस्त करायला एक वायरमन आला. काम झाल्यावर हत्यारं पिशवीत भरता भरता तो टेबलावरची एक तयार वही बघत उभा राहिला. बराच वेळ. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच एक कापडी पिशवी घेऊन आला.

"मावशी, माझ्या पोरीची एक करून द्याल का? सुट्ट्यांचे फोटो आहेत. शाळेचंही थोडं सामान आहे."

"देईन की. कितवीत आहे?"

"चौथीत गेली." तो थांबला. "हिची आई नाही. दीड वर्ष झालं."

मावशींनी पिशवी हातात घेतली. जाणारं माणूस देवाघरी जातं, मागच्यांना मात्र त्याच घरात राहायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"फोटो जरा बिघडलेत बरं का," तो संकोचून म्हणाला. "कोपऱ्यात बोट आलंय. हिच्या आईचा फोन आजारपणात बंद पडला तो पडलाच, त्यामुळे दुसरे काही नाहीत. दुकानातून छापून आणलेले होते तेवढेच हे."

"तुम्ही नका काळजी करू. नीट करते मी."

आणि त्यांनी नीट केले. म्हणजे त्यांच्या मते. समुद्र, डोंगर, धरण, आजोळचं अंगण. चौदा फोटोंत उजवीकडे वर तो गुलाबी, धुरकट डाग. मावशींनी गुण्या लावला, पट्टी धरली, आणि एकेक कोपरा सुरीनं सरळ उतरवला. फोटो थोडे लहान झाले, पण कसे स्वच्छ दिसायला लागले! शाळेची पानंही छान जमली. पहिलीचं प्रगतिपुस्तक, दुसरीतलं घड्याळाचं चित्र, तिसरीत पाठांतराला मिळालेला बिल्ला. मावशी मनातल्या मनात स्वतःवर खूश होत्या. देवापुढं बसल्यावर तसं म्हणाल्यासुद्धा, की तू हात चांगले दिलेस.

कात्रणं त्या कधी टाकत नसत. एका डब्यात साठवायच्या आणि दर शनिवारी गल्लीच्या टोकाला असलेल्या बालवर्गात पाठवायच्या, लहान मुलांच्या चिकटकामाला. त्या शनिवारीही डबा गेला. कंडक्टरसाहेबच देऊन आले.

सोमवारी संध्याकाळी वायरमन पोरीला घेऊन आला. पोर अंगानं बारीक, डोळे मोठे. दोन वेण्या बापानंच घातलेल्या दिसत होत्या, कारण भांग कपाळापासून निघून कानाकडे गेला होता. मावशींचे हात शिवशिवले, पण त्यांनी वही तेवढी पुढं केली.

पोरीनं वही मांडीवर घेतली. शाळेची पानं बघताना हसली. "हे घड्याळ मी काढलेलं! बाबा, यात तेरा वाजलेत बघा." मग सुट्ट्यांची पानं आली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भरभर उलटली, परत मागं आली. एक फोटो कोपऱ्यांतून सोडवून तिनं त्याच्या मागं बघितलं.

"मावशी, आई कुठंय?"

मावशींना काही कळेना. बापच म्हणाला, "बाळा, यात आईचे फोटो नव्हतेच. तीच काढायची ना सगळे."

"होती," पोर म्हणाली. "इथं होती." आणि फोटो संपून जिथं कोरा कागद सुरू झाला होता, तिथं तिनं आपलं बोट ठेवलं. "इथं. आणि इथं. सगळ्यांत होती."

मावशींनी वाकून फोटो पुन्हा बघितले. प्रत्येक फोटोत बाप आहे, पोर आहे. मग समोर उभं राहून काढला कुणी? इतकी साधी गोष्ट. पंधरा दिवस ते फोटो हाताळले आणि त्यांना फक्त वाकडं काय आहे तेवढंच दिसलं.

"अगं, ते तर नुसतं..." बाप बोलायला गेला आणि त्याचं वाक्य तिथंच अडकलं. त्यालाही हे नवीन होतं.

"समुद्राच्या फोटोत बोटाला वाळू होती," पोर सांगत होती. "तिनं पुसलीच नव्हती. आजीकडच्यात अंगठी दिसायची थोडीशी. भिंतीवर जो फोटो आहे ना, ती फोटोसाठी बसलेली आई आहे. ही नाही तशी."

छापणाऱ्यानंच असे दिले होते, असं सांगून मोकळं होता आलं असतं. मावशींच्या जिभेवर आलंही होतं. पण इतक्या वर्षांत देवाशी आणि लहान मुलांशी त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

"मी कापलं, बाळा. माझ्या हातानं. मला वाटलं, फोटो खराब झालेत."

"टाकून दिलं?"

"नाही गं, टाकलं नाही. पण..."

"बालवर्गात गेलं की शनिवारी!" आतून कंडक्टरसाहेबांचा आवाज आला. त्यांना बिचाऱ्यांना बाहेर काय चाललंय ते माहीत नव्हतं. "आतापर्यंत चिकटवूनही झालं असेल पोरांचं."

पोर रडली नाही. तिनं वही मिटली, टेबलावर ठेवली आणि मावशींच्याकडे हलकेच सरकवली.

"मग ही नको मला."

बाप ओशाळला. "असं नाही बोलू, बाळा. मावशी, तुमची मेहनत..."

"तिचं बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "उद्या सकाळी हिला माझ्याकडे सोडाल का? शाळा दुपारची आहे ना हिची?"

सकाळी निघताना मावशींनी देवापुढं हात जोडले. रोजच्यासारखं काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, की माझ्यासाठी मागत नाही, तिच्यासाठी शोधून दे.

बालवर्गाच्या बाई मावशींच्या शाळेतल्याच एके काळच्या विद्यार्थिनी. दारातच म्हणाल्या, "मावशी, या वेळचं ते गुलाबी चकचकीत सगळ्यांना इतकं आवडलं म्हणून सांगू! भांडणं झाली."

भिंतीवर दोरी बांधून चित्रं लटकवली होती. मावशींनी चष्मा वर केला. एका फुलाच्या तीन पाकळ्या. कुत्र्याची जीभ. घराचं दार. एका जोकराचे दोन्ही गाल. पोरगी एकेका चित्रापाशी जाऊन थांबत होती. "हा डोंगरावरचा. हा आजीकडचा, ही बघा अंगठी. हा वाळूचा."

आता चित्रं तर पोरांची. त्यांना न विचारता कसं काढणार? मावशी गुडघे धरत एका इवल्याशा खुर्चीवर बसल्या आणि वाटाघाटी सुरू झाल्या.

"हे फूल कुणाचं?"

"माझं," दोन शेंड्या बांधलेली एक पुढं आली.

"मला याच्या पाकळ्या देशील? त्याच्या बदल्यात मी तुला चंदेरी कागद देते."

"तीन पाकळ्या आहेत. तीन चंदेरी द्या."

"बरं, तीन."

"आणि एक सोनेरी."

"सोनेरी कशाबद्दल?"

"फूल माझं आहे ना, म्हणून."

चिकटमावशींना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याहून चिकट माणूस भेटलं. त्यांनी निमूटपणे सोनेरी दिला. बालवर्गाच्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बरं झालं, बालवर्गातही मावशींच्याच घरची खळ जात असे. बाजारचा डिंक असता तर कोपरे चिंध्या होऊनच निघाले असते. ओला फडका ठेवायचा, थोडं थांबायचं, की कोपरा अलगद सुटे. जीभ गेली म्हणून कुत्र्याला तांबडी लावून दिली. घराला नवं दार आलं. तासाभरात तेरा कोपरे रुमालावर वाळत पडले.

चौदावा एका बदकाची चोच होता. बदकाची मालकीण म्हणजे नाक वाहणारी, गोल चेहऱ्याची एक साडेतीन वर्षांची बाई. तिनं चित्र छातीशी घट्ट धरलं होतं.

"चंदेरी?" मावशींनी विचारलं. मान हलली, नाही. "सोनेरी?" नाही. "दोन सोनेरी?"

"मग माझं बदक जेवेल कशानं?"

मावशींनी हातातला सोनेरी कागद खाली ठेवला. त्यांनी पोरीकडे बघितलं. पोर बदकासमोर उकिडवी बसली आणि चोच न्याहाळत राहिली.

"कुठला आहे गं तो?" मावशींनी हळूच विचारलं.

"धरणावरचा. मी कठड्याजवळ गेले होते ना, म्हणून आई ओरडत होती, मागं हो, मागं हो. ओरडता ओरडताच काढला. म्हणून बोट हललंय." तिनं चोचीवर आपलं बोट ठेवलं. पुष्कळ वेळ ठेवलं. मग त्या छोटीला म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे. पण फाडायचं नाही हं. माझ्या आईचं आहे."

छोटीनं गंभीरपणे मान डोलावली आणि नाक पुसलं.

त्या संध्याकाळी मावशींच्या टेबलावर तेरा कोपरे आणि चौदा फोटो मांडले गेले. वायरमन कामावरून तसाच आला होता, दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसला. कुठला कोपरा कुठल्या फोटोचा, हे मावशी कड जुळवून ठरवायला निघाल्या होत्या. पोरीला त्याची गरजच पडली नाही. ती एकेक उचलून जागेवर ठेवत गेली, जशी एखादी बाई सराईतपणे ताटं मांडते.

मावशींना सांधा लपवता आला असता. तसं काम येत होतं त्यांना. मागून पातळ कागद लावायचा, वरून रंगाचा हलका हात फिरवायचा, कुणाला शोधूनही सापडणार नाही. त्यांनी पोरीला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "रंग लावलात तर बोट बदलेल."

मग मावशींनी फक्त मागून कागद लावला. पुढून केसाएवढी रेघ राहिली, काही ठिकाणी जराशी तिरपी. त्यांनी ती तशीच राहू दिली. धरणाच्या फोटोचा कोपरा कोराच ठेवला आणि पोरीच्या सांगण्यावरून तिथं बारीक अक्षरात लिहिलं : आई बदकाकडे आहे.

"अक्षर सुंदर आहे हो तुमचं," कंडक्टरसाहेब मागून वाकून बघत म्हणाले, आणि लगेच आत निघून गेले. त्यांना डोळे पुसायचे असले की ते नेहमी आत काहीतरी शोधायला जात.

वही मिटायची वेळ आली तेव्हा वायरमननं घसा खाकरला. खिशातून एक पाकीट काढलं. त्यात एकच फोटो होता. अर्ध्याहून जास्त बोटच असल्यामुळे मावशींनी तो वहीत घेतलाच नव्हता, सोमवारी त्याला परत देऊन टाकला होता.

"हा... बसतोय का कुठं?"

पोरीनं तो हिसकावलाच. "बाबा! हा सगळ्यात मोठा आहे! पण यात तुम्ही कुठं आहात?"

"मी आहे की मागं. हा बघ, कान."

"एवढाच?"

"तिनं झाकलंय मला." पोर वाट बघत राहिली. मावशी हातातली पट्टी तशीच धरून बसल्या. मग तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. "छापून आणला तेव्हा म्हणाली होती, 'अहो, तुमचा इतका छान फोटो आजवर कधी आलाच नव्हता.'"

पोर खळखळून हसली. "अजून काय म्हणायची?"

मावशींनी त्या फोटोला अख्खं पान दिलं. चार कागदी कोपरे घडी करून बसवले, आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत गेल्या. बाहेर तो सांगत होता. आधी अडखळत, मग जरा मोकळा होऊन. पोर मध्येच विचारत होती, मग? मग काय म्हणाली? आत मावशी भरलेले दोन पेले ओट्यावर ठेवून उभ्या होत्या. बाहेर न्यायची त्यांना घाई नव्हती.