मुगवड्या वाळायला लागणारा वेळ

अकोल्याच्या एका दालमिलमध्ये ड्रायर माझ्या हाताखाली आहे. ओली डाळ किती वेळात वाळेल याचा हिशेब करणं, हीच माझी नोकरी. गेल्या उन्हाळ्यात वलगावला माझ्या मोठ्या बहिणीनं मुलीच्या रुखवतासाठी मुगवड्या घातल्या आणि आभाळ आलं ते हटेना. मीच फोन केला, "ताई, दे माह्याकडे. तू उन्हाची वाट कावून पाहून राहिली?"

वड्या गाडीत घालून आणल्या, ट्रेमध्ये पसरल्या आणि डाळीच्याच हिशेबानं वेळ लावला. वडी डाळीच्या दाण्यापेक्षा कितीतरी जाड. जाडी दुप्पट झाली की वाळायला वेळ दुप्पट नाही, जवळपास चौपट लागतो. हवा जास्त गरम केली तर वरचं कवच आधी कडक होतं आणि पाणी आत कोंडतं. नव्या पोरांना हे मीच शिकवतो. मिलमधल्या प्रत्येक लॉटचा नमुना फोडून पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. बहिणीची एक वडीही फोडली नाही. घरच्या बायकांचं काम, त्याला कसला हिशेब, असंच मला वाटलं असणार.

परत देताना मूठभर वड्या ताटात टाकून वाजवून दाखवल्या.

"आतून वाळल्या ना रे?" ताईनं विचारलं.

"ताई, माहं पोटच यावर हाय."

लग्नात रुखवत मांडलं. मूर्तिजापूरहून आलेल्या नवरदेवाच्या आत्यानं वड्यांच्या परडीवरचा कागद काढला आणि कुबट वास सुटला. तिनं एक वडी मोडली. आत हिरवट बुरशी.

"इहीणबाई, वड्या वाळवल्या का मुरवल्या?"

बायका हसल्या. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीच घाई झाली. ऊन कमी पडलं," म्हणाली. मुलीचा मामा मोठ्या मिलमध्ये आहे, हे थोड्या वेळापूर्वीच तिनं त्याच बायकांना कौतुकानं सांगितलं होतं. मी पाहुण्यांना सरबत देत होतो. देत राहिलो.

परवा भाचीचा फोन आला. "मामाजी, सासू अजून हसते. कोणी वाळवण घातलं का लगेच म्हणते, 'तुह्या मायले विचारू का?'" तीही हसली, मग थांबली. "मायले नका सांगू. तिले लागते."

खरं सांगायला तेवढी जागा होती. मी विचारलं, "जावई बरे आहेत ना?"